पणजीला आलात तर आधी बंदर, मग गाणं

आमच्याकडे पाहुणा आला की आधी मी त्याला जुन्या गोव्याला पाठवते. पणजीच्या कदंब स्टँडवरून बस पकडा आणि रायबंदरच्या रस्त्याने जा. बाँ जेझूसचं चर्च बघालच, पण तिथूनच परतू नका. दिवाडी बेटाच्या फेरीधक्क्याकडे उतरा, वाटेत व्हाइसरॉयची कमान लागेल. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को व्हाइसरॉय असताना बांधलेली. नदीकडच्या बाजूला जाऊन मागे वळून बघा. वर कोनाड्यात खुद्द वास्को उभा. नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरून याच कमानीखालून शहरात शिरायचा. चिऱ्यावर हात ठेवा. पावसाळ्यात तो ओला आणि शेवाळलेला लागतो.

दुपारी झोपा. गोव्यात दुपारी दुसरं काही करायचं नसतं.

पाच वाजता फोंतेन्यस, पणजीतली जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती. फोटो काढा, पण लोकांच्या पायऱ्यांवर बसू नका, घरं आहेत ती.

गाण्यासाठी मांडवीवरच्या क्रूझचं तिकीट काढायची घाई नको. मी एकदा गेले, दोन तास स्पीकरशेजारी बसून कान बधिर झाले. त्यापेक्षा कांपालला कला अकादमीत आज काय आहे ते विचारा. नोव्हेंबरच्या सुमारास केसरबाई केरकरांच्या नावाचा संगीत समारोह असतो. फादो, म्हणजे पोर्तुगीज गाणं, ऐकायचा असेल तर छोटी जागा शोधा, आधी फोन करा.

आणि श्रावणात आलात, तर वास्को शहरातला दामोदर सप्ताह! चोवीस तास अखंड भजन. रात्री दोनला जा, गर्दी कमी असते आणि पखवाज नीट ऐकू येतो.