कर्लिंग शिकताय? या चुका टाळा

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवून पलीकडच्या वर्तुळांच्या मध्याजवळ थांबवायचा खेळ. कॅरम खेळून मोठे झालेले आपले लोक कर्लिंगच्या बर्फावर आले की पहिली चूक ठरलेली: दगड हाताने ढकलायचा. ग्रॅनाइटचा तो दगड 17 ते 20 किलोचा असतो. जोर लावायचा तो पायाने. बर्फात बसवलेल्या रबरी हॅकवर पाय रोवून रेटा द्या, अंग दगडामागे घसरत जाऊ द्या आणि हॉग लाइन, म्हणजे बर्फावरची आडवी रेष, येण्याआधीच दगडाची मूठ अलगद सोडा. तिथून पलीकडच्या हाउसच्या, म्हणजे लक्ष्याच्या वर्तुळांच्या, मध्यापर्यंत अजून 28 मीटर उरलेले असतात. सोडताना झालेली बोटभर चूक तिथे हातभर होते.

मूठ घड्याळाच्या दहा किंवा दोनच्या दिशेला ठेवून निघा आणि सोडताना बाराकडे आणा. पूर्ण वाटेत दोन-तीन फेरे पुरेत. भिंगरीसारखा फिरवलेला दगड वळतच नाही.

नेम चुकला म्हणून गुडघा किंवा तळहात टेकून बर्फावर बसून राहू नका. हा बर्फ गुळगुळीत नसतो. पाण्याचे बारीक थेंब शिंपडून, गोठवून त्यावर दाणे उठवलेले असतात. त्यांना पेबल म्हणतात आणि दगड पळतो तो त्यांच्यावरून. अंगाच्या उबेने ते विरघळतात, मग मागून येणाऱ्याचा दगड त्या खळग्यात अडखळतो. बाहेरचे बूट तर आत नकोतच. दगडाखाली एक केस आला तरी तो भलतीकडे जातो.

सरकत्या दगडापुढे बर्फावर ब्रश मारताना अंगाचं वजन ब्रशवर टाका. घासल्याने बर्फ किंचित तापतो, म्हणून दगड लांब आणि सरळ जातो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी चूक. क्लबच्या सामन्यांत पंच नसतो. तुमचा ब्रश किंवा बूट तुमच्याच सरकत्या दगडाला लागला, तर तुम्हीच लगेच सांगायचं. दोन हॉग लाइनींच्या मध्ये लागला, तर दगड बाजूला काढा. पलीकडची हॉग लाइन ओलांडल्यावर लागला, तर सगळे दगड थांबू द्या. पुढचं समोरचा संघ ठरवतो. गेल्या हिवाळ्यात शेवटच्या दगडावर समोरच्या बाईंनी हात वर केला, "माझा ब्रश लागला." आमच्यापैकी कुणीच ते पाहिलं नव्हतं. सामना आम्ही जिंकलो, पण त्या दिवसापासून मी त्यांच्याकडून शिकतो.

समोरच्याचा दगड चुकला म्हणून टाळ्या वाजवू नका. खेळाआधी "गुड कर्लिंग" म्हणत सगळ्यांशी हात मिळवा, संपल्यावरही मिळवा. आणि लगेच गाडीकडे पळू नका. दोन्ही संघ एका टेबलावर बसतात, पहिलं पेय जिंकणाऱ्यांकडून. चहा घेतलात तरी चालतं.