आधी बोअर गेज, मग तोंड
बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी सुपरवायझर होतो. पंचविशीत सुपरवायझर झालेल्या पोरांसाठी हे लिहितोय.

मे महिना, संध्याकाळी माल जायचा होता. बुशचा, म्हणजे पोलादी नळकांड्याचा, बोअर (आतलं भोक) ४० मिलिमीटर; तो बोअर गेजने मोजायचा. सूट एच-७, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५. क्वालिटीवाल्याने सात बुश परत पाठवले, बोअर ३९.९९. मी तडक लेथवर गेलो आणि सगळ्यांसमोर, वडिलांच्या वयाच्या ऑपरेटरला म्हणालो, ‘तुला गेज वाचता येतं का?’ तो कॉटन वेस्टने हात पुसत राहिला.

त्याने बरोबरच मोजलं होतं, पण गरम जॉबवर, म्हणजे कातून नुकत्याच काढलेल्या बुशवर. पोलाद ४० अंशांनी तापलं की एवढा बोअर साधारण १८ मायक्रॉन (०.०१८ मिलिमीटर) मोठा दिसतो, थंड झाला की आकसतो. आणि जॉब थंड का होऊ दिला नाही? सकाळपासून ‘काढा, लवकर काढा’ कोण ओरडत होतं? मीच.

तर चूक दिसली की आधी जॉब हातात घ्या, थंड होऊ द्या आणि त्याच्याबरोबर उभं राहून पुन्हा मोजा. बोलायचं ते मशीन बंद करून, बाजूला. काचेच्या केबिनमध्ये नको, तिथे बोलावलेला माणूस अख्ख्या शॉपला दिसतो. ‘काका, आ माप जरा साथे जोईए?’ एवढ्याने सुरुवात होते. आपण घरी मराठी, कामावर गुजराती; पण राग आला की ‘तमे’चं ‘तुं’ व्हायला वेळ लागत नाही. जीभ तिथेच आवरा.

गुळमुळीतही बोलू नका. किती कमी भरलं, का भरलं, उद्यापासून काय करायचं, हे आकड्यात सांगा. रिजेक्ट तो रिजेक्टच. आमचा बोअर लहान होता, पुन्हा कातून वाढवता येत होता, म्हणून वाचलो, मोठा झाला असता तर भंगार. दुरुस्तीचं काम त्याच्याच हातून करून घ्या, दुसऱ्याकडे दिलंत तर तो दुसरा अपमान.

‘पगारातून कापीन’ हे तर तोंडातून काढूच नका. माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय दंड करता येत नाही, हा नियम १९३६ पासून आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याच लेथपाशी, सगळ्यांसमोर माफी मागितली. सगळ्यांसमोर झापलं होतं, मग माफी कोपऱ्यात कशी मागणार? नंतर गेज उचलायला हात पुढे केला, तर काका म्हणाले, ‘साहेब, माप पछी (नंतर). जॉब हजी (अजून) गरम छे.’