पुंगळ्या साफ करताय? मग या चुका टाळा

झाडलेल्या काडतुसाची पुंगळी साफ का करायची, याची कारणं दोनच. नेमबाजीच्या रेंजवरची वाळू आणि काजळी डायमध्ये, म्हणजे पुंगळीला माप देणाऱ्या साच्यात, जाऊन त्याला चरे पडू नयेत, आणि पुंगळीला कुठे तडा गेला असेल तर तो डोळ्यांना दिसावा. चमक हे कारण नव्हे. पण नवीन माणूस रीलोडिंगला, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरायला, लागला की आठवड्याभरात फोटो येतो, "काका, बघा कसं चकाकतंय!" मी उलट विचारतो, कशाने घासलंस, कुठे चाळलंस आणि वाळवलंस कसं? तिन्हींची उत्तरं सहसा ऐकवत नाहीत.

आधीच सांगतो, हे सगळं अमेरिकेतल्या, त्यातही आमच्या टेक्सासातल्या मंडळींसाठी आहे. भारतात काडतूस बनवायला, म्हणजे घरी पुंगळी भरायलाही, १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. हा मजकूर गावाकडच्या चुलतभावाला पाठवून त्याला भलत्या उद्योगाला लावू नका.

टंबलर घरात ठेवणं

टंबलर म्हणजे पुंगळ्या फिरवून, घासून साफ करणारं यंत्र. सगळ्यात जास्त वेळा दिसणारी आणि सगळ्यात वाईट चूक हीच. बहुतेक प्रायमरमध्ये, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, लेड स्टिफनेट असतं, म्हणजे शिशाचं संयुग. गोळी झाडली म्हणून ते शिसं कुठे नाहीसं होत नाही. त्यातलं बरंचसं पुंगळीच्या आतल्या काजळीत बसून राहतं. मग तुम्ही व्हायब्रेटरी टंबलरमध्ये मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा भुसा घालून पुंगळ्या दोन-तीन तास फिरवता आणि ती काजळी भुशात उतरते. झाकण काढून सगळं चाळणीत ओतलं की जो राखाडी धुरळा उठतो, त्यात शिसं असतं.

ओळखीतल्या एका घरातली गोष्ट. गराजमध्ये उकडतं म्हणून साहेबांनी टंबलर लाँड्री रूममध्ये ठेवला, कपड्यांच्या ड्रायरला लागूनच. चाळायला स्वयंपाकघरातली जुनी चाळणी. घरात रांगतं बाळ. बाळाच्या नेहमीच्या तपासणीत रक्तात शिसं निघालं. इथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ पासून लहान मुलांसाठी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी धरली आहे, बाळाचा आकडा तिच्या बराच वर होता. डॉक्टरांनी आधी घराच्या रंगाबद्दल विचारलं. अमेरिकेत १९७८ सालीच घरांसाठीच्या शिसंवाल्या रंगावर बंदी आली आणि यांचं घर अगदी नवं, तेव्हा तो प्रश्न मिटला. भारतीय कुटुंब म्हटल्यावर पुढचा संशय मसाल्यांवर आणि काजळावर. तो संशय काही वेडा नाही, भेसळीच्या हळदीत शिसं सापडतं. पण त्या घरात सासूबाईंनी पाठवलेली हळद, तिखट, काजळाची डबी असं सगळं कचऱ्यात गेलं, फोनवर रडारड झाली, आणि तोवर टंबलर आपला घरघरत होताच. शेवटी कुणीतरी विचारलं, ड्रायरवर ही राखाडी पूड कसली? टंबलर बाहेर गेला, घर ओल्या फडक्यांनी पुन्हा पुन्हा पुसून काढलं, त्यानंतरच्या तपासण्यांत आकडा उतरत गेला. साहेब अजूनही म्हणतात, "पण खोक्यावर कुठे लिहिलं होतं?" खोक्यावर बरंच लिहिलेलं असतं. खोकं वाचायचा धीर हवा.

माझा टंबलर मागच्या अंगणातल्या शेडमध्ये असतो, झाकण लावलेला. भुशात वापरलेल्या ड्रायर शीटचे तुकडे टाकतो, धूळ त्यांना चिकटते. चमचाभर मिनरल स्पिरिट्सनेही धूळ दबते. चाळायचं उघड्यावर, धुरळा वारा पलीकडे नेईल अशा बाजूला उभं राहून, मास्क आणि हातमोजे घालून. सांडलेलं झाडूने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने टिपायचं. भुसा काळा पडला की पिशवीत बांधून टाकून द्यायचा, 'अजून दोन फेऱ्या चालेल' हा हिशेब करायचा नाही. हात थंड पाण्याने, साबणाने धुतल्याशिवाय बिस्किटालासुद्धा हात लावायचा नाही. स्वयंपाकघरातली चाळणी एकदा इकडे आली की परत तिकडे जात नाही.

भुशाऐवजी पाण्यात पुंगळ्या फिरवणाऱ्यांनी लगेच हसू नये. धूळ उडत नाही हे खरं, पण ते काळं पाणी म्हणजे तीच काजळी. ज्या सिंकमध्ये तांदूळ धुता, त्यात ते ओतू नका.

समईचं पॉलिश पुंगळीला लावणं

घरी समई आणि घंगाळ घासून मोठे झालेल्यांचा हात आपोआप ब्रासोच्या डब्याकडे जातो. ब्रासोत अमोनिया असतो, आणि पुंगळीच्या पितळाचं अमोनियाशी वैर आहे. पुंगळीत ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ती थंडच ओढून घडवलेली असते, त्यामुळे धातूत ताण अडकून राहतो. ताण आणि अमोनिया एकत्र आले की धातूच्या कणांच्या सीमांवरून तडे आत शिरतात. बाहेरून पुंगळी ठणठणीत दिसते, आणि मग एक दिवस मान उभी फाटते.

हा शोध आपल्याकडच्या पावसाळ्याशी बांधलेला आहे. ब्रिटिश फौजेची भारतातली काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली असत आणि पावसाळा सरेपर्यंत त्यांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि हवेतला ओलावा, एवढं पुरत होतं. याचा नीट उलगडा १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर वर्षांपूर्वी सुटलेलं कोडं लोक आजही बाटलीतून विकत आणून आपल्याच पुंगळ्यांवर ओततात. समईला फार तर वातीची धग सोसायची असते, .२२३ मापाच्या रायफलच्या पुंगळीला ५५,००० पीएसआयपर्यंतचा (दर चौरस इंचाला इतके पौंड) दाब. दोघींना एकच पॉलिश लावू नका. भुशात पॉलिश घालायचंच असेल तर अमोनिया नसलेलं, रीलोडिंगसाठीचंच घ्या. मी घालत नाही. थोडी मंद दिसणारी पुंगळीही तितकीच नेमकी गोळी मारते.

चिंच, व्हिनेगर-मीठ, पितांबरी हे प्रयोगही बंद करा. पाण्यातल्या टंबलरमध्ये आंबट हवंच असतं, त्यासाठी गॅलनभर पाण्याला पाव चमचा लिंबूसत्व आणि थोडा भांडी घासायचा साबण पुरतो. 'जरा जास्त घातलं तर लवकर होईल' म्हणणाऱ्यांच्या पुंगळ्या गुलाबी होऊन निघतात. वरच्या थरातलं जस्त निघून गेलं की उघडं तांबं तसं दिसतं.

घाईने वाळवणं

ओल्या पुंगळ्यांना वेळ लागतो आणि वेळ द्यायला कुणी तयार नसतं. एका उत्साही गृहस्थांनी शनिवारी संध्याकाळी .३०८च्या पुंगळ्या धुतल्या, रविवारी सकाळी रेंजवर न्यायच्या होत्या, म्हणून गॅस ग्रिलवर पसरल्या, झाकण लावलं आणि आच पूर्ण सोडली. झाकण बंद केलेलं ग्रिल सहज ३०० सेल्सिअसच्या पुढे जातं. पुंगळ्या निघाल्या त्या बुडाशी निळसर-तपकिरी झाक घेऊन. "रंग छान आलाय," असं त्यांचं म्हणणं.

पुंगळीची मान मऊ आणि बूड कडक असावं लागतं. बुडाला दाब सोसायचा असतो, प्रायमर घट्ट धरायचा असतो. साधारण २५० सेल्सिअसच्या पुढे हे कडक केलेलं पितळ हळूहळू मऊ पडायला लागतं, आणि एकदा मऊ पडलेलं बूड घरी पुन्हा कडक करता येत नाही. मी त्यांच्यासमोर एका पुंगळीचं बूड पक्कडीत धरून दाबलं, ते दबलं. तरीही "कमी पावडर घालून चालवतो" यावर अर्धा तास वाद. रायफल तोंडापासून वीतभर अंतरावर धरायची असते, हे सांगितल्यावर पुंगळ्या भंगारात गेल्या.

टेक्सासात ऊन फुकट आहे. पुंगळ्या जुन्या टॉवेलमध्ये घालून खळखळून हलवायच्या, मग चादरीवर पसरून दिवसभर वाळवण. ढगाळ दिवशी फक्त याच कामासाठी ठेवलेला फूड डिहायड्रेटर. ओव्हनच वापरायचा असेल तर २०० फॅरनहाइट, म्हणजे ९३ सेल्सिअसच्या वर नाही, आणि ज्यात केक होतो तो ओव्हन नाही. धुण्याआधी जुना प्रायमर काढून टाका. तो तसाच ठेवला तर त्याच्यामागे पाणी दडून बसतं आणि नंतर पावडर भिजवतं.

बाकीच्या, भरभर

न निवडता टंबलरमध्ये ओतणं. ९ एमएम .४०मध्ये शिरते, .४० .४५मध्ये, आणि ओल्या टंबलरमध्ये अशा अडकल्या की दोन्ही वाया. ढिगात एखादं न झाडलेलं काडतूसही निघतं, म्हणून पुंगळ्या ओंजळीने उचलू नका, एकेक बघा.

लोहचुंबक न फिरवणं. पितळाचा मुलामा दिलेल्या पोलादी पुंगळ्या वरून अगदी पितळीच वाटतात.

पाण्यात चार-पाच तास फिरवणं. पुंगळ्या एकमेकींवर आपटून तोंडाची कड ठोकल्यासारखी जाड होते. तास-दीड तास खूप झाला. निकेलच्या मुलाम्याच्या पुंगळ्यांना त्याहून कमी, नाहीतर पापुद्रे सुटतात.

पाण्यातल्या टंबलरमध्ये घासायला घातलेल्या पोलादी पिना नंतर नुसत्या मोजून सोडून देणं. .२२३च्या अरुंद मानेत दोन पिना एकमेकींत अडकून बसतात, मोजून त्या सापडणार नाहीत. प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून आत बघायचं. भुसावाल्यांनी याच वेळी फ्लॅश होल, म्हणजे प्रायमरची ठिणगी आत जाण्याचं भोकही बघावं, मक्याच्या भुशाचा कण तिथे हमखास बसतो.

आणि साफ झाली म्हणजे धड झाली असं समजणं. रायफलच्या पुंगळीच्या बुडाच्या थोडं वर चमकदार कडं दिसलं तर पेपरक्लिपचं टोक वाकवून आत घाला आणि भिंतीवरून ओढा. टोक खाचेत अडकलं तर तिथून पुंगळीचे दोन तुकडे व्हायला निघालेत. ती लगेच पक्कडीने चेपा, 'अजून एकदाच' म्हणून बाजूला ठेवलेल्या पुंगळ्या आठवडाभराने चांगल्यांत मिसळतात. चेपलेल्या सगळ्या बादलीत साठवा, भंगारवाला पितळ वजनावर घेतो.