तलवारीच्या सरावात मनगट दुखतंय? या चुका टाळा

शिवजयंती जवळ आली की बीड, लातूर, परभणीच्या मैदानांवर तलवारीचा सराव सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत पोरं मनगट चोळत बसतात. दोष मनगटाचा नसतो, वार करण्याच्या पद्धतीचा असतो.

आपल्या तलवारीची मूठ आखूड आणि मागे गोल चकती. उसावर कोयता मारावा तसा मनगटाचा झटका दिला की ती चकती मनगटात रुतते. सरावानंतर तिथे लाल वळ उठला असेल तर चूक हीच. मनगट घट्ट ठेवा, हात खांद्यापासून फिरवा. आणि पातं वाकडं कशासाठी आहे? आदळायला नाही, कापत ओढायला. वार टेकला की कोपर मागे घ्या, धार सरकत गेली पाहिजे. आठवडाभर हे लाकडी काठीवर, अगदी संथ करा. वेग आपोआप येतो. आधी वेग धरला तर चुकीची सवय पक्की होते आणि ती मोडायला फार त्रास पडतो.

दांडपट्ट्याचं याहून कडक. खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी आवरणात, हात कोपराच्या जवळपास अडकलेला असतो, मनगट वळतच नाही. तिथे खांदा आणि कंबर फिरली नाही तर पट्टा फिरवणाऱ्यालाच लागतो.

दुसरी चूक पायांची. नजर पात्यावर, पाय जमिनीला खिळलेले. नांदेडला होळीच्या वेळी शिखांची हल्लाबोल मिरवणूक असते, तेव्हा गतका म्हणजे शिखांचा शस्त्रखेळ खेळणाऱ्यांचे पाय बघा. सोटी (काठी) आणि फरी (छोटी ढाल) हातात असली तरी आधी चालतो तो पैंतरा, म्हणजे पायांची चाल. हात न उचलता नुसता पैंतरा घालून बघा, तोल जातो कुठे ते लगेच कळेल.

तलवार उचलण्याआधी कानाशी धरून हलवा. 'खट' वाजलं तर बाजूला ठेवा. जुन्या पद्धतीत पात्याचं शेपूट मुठीत लाखेने बसवतात आणि लाख तापली की मऊ पडते. मराठवाड्याच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेली तलवार म्हणूनच ढिली होते. बाजारातल्या शोभेच्या तलवारी तर सरावाला घेऊच नका. पातं मुठीतून निसटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकतं.

आणि मिरवणुकीत धारदार तलवार उगारू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. खेळ दाखवायचाच असेल तर बोथट पातं घ्या, पोलिसांची परवानगी आधी काढा आणि प्रेक्षकांना दोरीच्या पलीकडे उभं करा.