दर तीन वर्षांनी नवी टीम: कॉलेजात मुलींचा सॉफ्टबॉल कसा टिकवायचा

कॉलेजची टीम म्हणजे दर जूनमध्ये अर्धी रिकामी होणारी टीम. मुलगी एफवायला हाताशी येते, पहिलं वर्ष बॉल नीट पकडण्यात जातं, दुसऱ्या वर्षी ती खेळायला लागते. तिसऱ्या वर्षी तिच्यावर डोळे मिटून भिस्त ठेवावी म्हटलं, तर परीक्षा संपते आणि ती जाते. कुणाचं लग्न ठरतं, कुणी पोलीस भरतीच्या तयारीला पुण्याला जाते. मी खानदेशातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक (डीपीई) म्हणून सगळी नोकरी केली आणि मुलींची सॉफ्टबॉल टीम शेवटपर्यंत चालवली. नव्याने रुजू होणाऱ्या डीपीई सर-मॅडमना दरवर्षी हाच प्रश्न पडतो, म्हणून माझी पद्धत लिहून ठेवते.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात कॅरल हचिन्स १९८५ ते २०२२ अशी एकाच सॉफ्टबॉल टीमच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. राष्ट्रीय विजेतेपद त्यांना मिळालं २००५ साली. ॲरिझोनाचे माइक कँड्रिया १९८६ ते २०२१ होते, त्यांची आठ विजेतेपदं. तिकडे शिष्यवृत्ती देऊन शाळेतून तयार पिचर (बॉल टाकणारी खेळाडू) आणता येते, आपल्याला ती घडवावी लागते, हा फरक मोठा आहे. पण चार वर्षांत पोरगी जाणार हे गणित त्यांनाही चुकलं नव्हतं. इतकी वर्षं जे टिकले त्यांनी चांगली टीम एकदाच बांधली नाही, ती बांधत राहण्याची व्यवस्था लावली.

आपल्या पातळीवर ती व्यवस्था म्हणजे एक नियम: एफवाय, एसवाय, टीवाय, तिन्ही वर्गांत एकेक पिचर हवी. जमलं तर तिन्हींत एकेक कॅचरही (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारी). बाकीच्या जागा कशाही भरून निघतात.

ट्रायल

ट्रायलला पहिल्या दिवशी स्लगर (सॉफ्टबॉलची बॅट) बाहेर काढू नका. स्लगर दिसला की सगळ्यांना मारायचंच असतं आणि तुम्हाला काहीच कळत नाही. दोन रांगा समोरासमोर उभ्या करा, बॉल फेकायला लावा आणि सुटलेल्या बॉलमागे कोण पळतं ते बघा. जी मुलगी बॉल सुटल्यावर आधी इकडेतिकडे बघते, तिला वेळ लागतो. जी तशीच वळून धावते, तिचं नाव आधी लिहा.

सॉफ्टबॉल कधी पाहिलेला नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका. खो-खोच्या मुलींना मी हाताला धरून आणायची. सूर मारायची भीती मोडलेली असते, त्यामुळे स्लाइड, म्हणजे कोपऱ्यावरच्या बेसवर घसरत पोहोचणं, लवकर जमते. शिवाय बॉल पिचरच्या हातातून सुटेपर्यंत रनरला (बेसवरून पुढे धावणारीला) बेस सोडता येत नाही, आणि नेमक्या क्षणी निघायची ही सवय खो-खोत आधीच लागलेली असते. भाला फेकणारी मुलगी सेंटर फील्डला, म्हणजे मागे मधोमध, ठेवा. हँडबॉलची मुलगी बहुधा तिसऱ्या बेसवर चांगली उभी राहते.

पिचर निवडताना ताकदीच्या मागे लागू नका. लांब हात, सैल मनगट आणि शांत डोकं बघा. सलग चार बॉल वाइड गेले तरी जिचा चेहरा बदलत नाही, ती तुमची पिचर.

पिचर घडवणं

पूर्ण चक्री, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून बॉल टाकणं, पहिल्या दिवशी कधीच शिकवू नका. मुली टीव्हीवर बघून हात गरगर फिरवतात, बॉल डोक्यावरून मागे जातो आणि चार दिवसांत खांदा धरतात.

जिमखान्याच्या भिंतीवर खडूने चौकट काढा. रुंदी होम प्लेटएवढी (बॅटर जिच्याशेजारी उभी राहते ती पाटी), म्हणजे ४३ सेंटिमीटर, आणि उंची त्या मुलीच्या गुडघ्यापासून काखेपर्यंत. मुलीला भिंतीपासून तीन मीटरवर आडवं उभं करा, डावा खांदा भिंतीकडे. हात खाली, मांडीजवळ. आता फक्त मनगटाने बॉल सोडायचा. कोपर मांडीपासून लांब गेलं तर बॉल उजवीकडे पळतो, आणि ते मुलीला स्वतःलाच दिसतं, तुम्हाला ओरडावं लागत नाही. चौकटीत बॉल सारखा बसायला लागला की मागून खांद्याच्या उंचीवरून हात आणायचा, म्हणजे अर्धं चक्र. ते बसलं की पूर्ण चक्र, पण पाय जागेवर. पाऊल टाकणं सगळ्यात शेवटी. अंतरही असंच हळूहळू वाढवायचं, शेवटी १३.११ मीटर. मुलींसाठी पिचर प्लेट तेवढ्या अंतरावर असते.

या कामाला पूर्ण पावसाळा लागतो आणि तो द्यावाच लागतो. काळ्या मातीचं ग्राउंड तेव्हा तसंही चिखलाने बंद असतं, व्हरांडा मात्र मोकळा असतो. मुलगी दिवसाआड पिचिंग करेल, मधल्या दिवशी फक्त पळेल आणि कॅचिंग करेल. खांदा दुखतोय म्हणाली की त्या दिवशी बॉल काढून घ्या, मग समोर स्पर्धा असो की काही असो.

वेग सांगून घाबरवू नका, पण समजावून द्या. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने टाकलेला बॉल एवढ्या कमी अंतरावरून बॅटरपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. म्हणजे रोज चौकटीत बॉल टाकणारी साधी पिचरही कॉलेजच्या पातळीवर निम्म्या बॅटर बाद करते. चेंजअप (फसवा मंद बॉल), ड्रॉप (खाली पडणारा बॉल) हे सगळं दुसऱ्या वर्षी.

ग्राउंड आखणं

हे स्वतः शिका आणि एसवायच्या मुलींनाही शिकवा. बाहेरगावी गेल्यावर आखणी चुकलेली असली तर तुमच्या मुलींना कळलं पाहिजे.

एक न ताणणारी दोरी घ्या आणि एका टोकापासून १३.११, १८.२९, २५.८६ आणि ३६.५८ मीटरवर चार गाठी मारा. होम प्लेटच्या मागच्या टोकाला खुंटी ठोका, दोरीचं टोक तिला बांधा आणि ग्राउंडच्या मध्याकडे सरळ ताणा. पहिल्या गाठीवर पिचर प्लेट, २५.८६ वर दुसऱ्या बेसचा मध्य. तिथे दुसरी खुंटी. आता ३६.५८ ची गाठ या दुसऱ्या खुंटीला लावा, १८.२९ ची गाठ हातात धरून उजवीकडे दोरी घट्ट होईपर्यंत चाला. तो पहिल्या बेसचा कोपरा. तसंच डावीकडे तिसऱ्याचा. पहिला आणि तिसरा बेस या रेषेच्या आत बसतात, दुसऱ्याचा मात्र मध्य खुंटीवर येतो. इथे बरेच जण गोंधळतात. मग फक्की मारा. फक्की सकाळी दव असताना मारली तर धरून राहते.

सराव आणि घर

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी असते आणि इंटर कॉलेजिएट स्पर्धाही साधारण त्याच सुमाराला येतात. या काळात मुलीला 'सराव की घर' असं विचारू नका, घरच जिंकणार आणि जिंकावंच. सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत सोडा, म्हणजे ती शेतावर पोहोचते. ज्या मुली अजिबात येऊ शकत नाहीत, त्यांना एक बॉल घरी द्या आणि गोठ्याच्या भिंतीवर चौकट काढायला सांगा.

बाहेरगावच्या स्पर्धेआधी पालकांना छापील पत्र द्या: जाण्यायेण्याची तारीख आणि गाडी, राहण्याचं ठिकाण, सोबतच्या शिक्षिकेचं नाव आणि फोन. टीए-डीए किती मिळणार तेही लिहा, नाहीतर गैरसमज होतात. आणि आईला एकदा तरी ग्राउंडवर आणा. आमच्या एका पिचरची आई शेतातून परत जाताना डोक्यावरचा भारा लिंबाखाली उतरवून उभी राहिली आणि मला विचारलं, "मॅडम, ती हात गरगर फिरावस ती मनीच पोर शे ना?" (हात फिरवते ती माझीच पोर ना?) त्यानंतर त्या घरातून स्पर्धेला कधी नकार आला नाही. वडिलांची परवानगी मी बहुतेक वेळा अशी आईकडूनच मिळवली.

मॅचमध्ये धाकटीला बॉल कधी द्यायचा

सगळ्यात जास्त कोच इथे अडतात. टीवायची पिचर भरात असते, मॅच जिंकायची असते, आणि धाकटी बाकावरच बसून राहते. मग मोठी गेली की टीमही जाते.

सॉफ्टबॉलचा नियम इथे आपल्या बाजूचा आहे. सुरुवातीच्या नऊ जणींतली खेळाडू बाहेर गेली तरी आपल्याच बॅटिंग क्रमांकावर एकदा परत येऊ शकते. जपानने हे ऑलिंपिकच्या फायनलमध्ये करून दाखवलं. युकिको उएनो हिने २००८ साली बीजिंगला दोन दिवसांत ४१३ बॉल टाकून सुवर्ण मिळवून दिलं होतं. २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिकच्या फायनलला, ती ३९ वर्षांची होती. सहाव्या इनिंगला तिला बाहेर बसवून वीस वर्षांच्या मिउ गोतोच्या हाती बॉल दिला. गोतोने इनिंग सांभाळली, आणि सातव्याला उएनो परत आली. जपान २-० ने जिंकला, समोर अमेरिका होती. उएनोसारखी पिचर असताना जपान फायनलला धाकटीला उतरवतो, तर आपल्याला लीगच्या मॅचमध्ये दोन इनिंग द्यायला हरकत नसावी. बाहेर काढायचंच नसेल तर मोठीला फर्स्ट बेसवर सरकवा, तीही जवळ राहते आणि धाकटीला धीर येतो.

टायब्रेकरचा (सात इनिंगनंतर बरोबरी असली तर होणाऱ्या खेळाचा) सराव आठवड्यातून एकदा हवाच. आठव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर रनर ठेवून खेळ सुरू होतो, आणि तिथे बंट (स्लगर न फिरवता बॉल अलगद समोर पाडणं) न येणारी टीम हरते. बंटला दोन्ही हात सैल, स्लगर डोळ्यांसमोर, बॉल स्लगरवर येऊ द्यायचा, ढकलायचा नाही.

कागद

खेळाडूसाठी सरकारी नोकरीत महाराष्ट्रात ५ टक्के आरक्षण आहे, आणि आपल्या मुलींसाठी ते आयुष्य बदलणारं आहे. कोणती स्पर्धा कोणत्या पदासाठी धरतात ते शासन निर्णयानुसार बदलतं, म्हणून दरवर्षी ताजा शासन निर्णय वाचा आणि मुलींना समजावून सांगा. प्रत्येक मुलीची फाइल करा: प्रवेश अर्जाची प्रत, टीमची यादी, स्कोअरशीटची प्रत, प्रमाणपत्राची प्रत. मूळ प्रमाणपत्र मुलीच्याच हातात, लॅमिनेशन न करता. पडताळणीच्या वेळी, कधी पाच वर्षांनी, ती धावत तुमच्याकडेच येते. तेव्हा त्या स्पर्धेची स्कोअरशीट तुमच्या कपाटात सापडली पाहिजे. हे काम कारकुनावर सोडू नका.

फेब्रुवारी ते जून

स्पर्धा संपल्या की बहुतेक ग्राउंड सुनी होतात. माझं खरं वर्ष तिथून सुरू व्हायचं. टीवायच्या पिचरला फेब्रुवारीत मी एकच काम द्यायची: एफवायच्या पिचरसमोर मिट (कॅचरचा जाड ग्लोव्ह) घालून बसायचं आणि तिचे बॉल पकडायचे. कोच शंभर वेळा सांगते ते ताई एका वाक्यात सांगते, आणि धाकटीला ते पटतं. मार्चमध्ये किट मोजून घ्या. ग्लोव्ह्जना तेलाचा हात फिरवून आत जुना बॉल ठेवून बांधा, म्हणजे आकार राहतो. फाटलेली लेस लगेच बदला. चेस्ट गार्ड आणि मास्क उंदरांपासून वर टांगा. नव्या बॉलची मागणी एप्रिलच्या आत कार्यालयात द्या, नाहीतर पैसे मंजूर होईपर्यंत ऑगस्ट उजाडतो.

जाणाऱ्या मुलींचे नंबर वहीत घ्या, लग्न झालेल्यांचे सासरचेसुद्धा. त्यांतल्या काही पुढे अंपायर होतात, काही शाळेत शिकवतात आणि तिथून तुमच्याकडे तयार पिचर पाठवतात. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की पहिला फोन त्यांनाच करा.