५जी फोन घेऊनही नेट रखडतंय? या चुका टाळा

'फोन ५जी, सिम ५जी, प्लॅन ५जी, तरी नेट रडतंच आहे.' हे वाक्य कानावर पडलं की मी एकच प्रश्न विचारतो: सेटिंगमध्ये काय काय केलंस? उत्तर येतं, 'काहीच नाही.' मग फोन हातात घेऊन बघावं तर अर्धी सेटिंग्ज कुठल्या तरी व्हिडिओत बघून बदललेली.

छुप्या मेनूतून ५जी 'पक्कं' करणं

माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त जाणारी चूक हीच. डायल पॅडवर ४६३६ वाला कोड टाकायचा, उघडलेल्या मेनूत 'एनआर ओन्ली' (म्हणजे फक्त ५जी) निवडायचं आणि आता फोन कायम ५जीवरच राहणार म्हणून खूश व्हायचं.

एक ओळखीचे गृहस्थ रडकुंडीला आले होते. नेट कधी सुसाट, तर कधी जिन्यात पाऊल टाकताच गायब. त्याहून वाईट म्हणजे फोनच लागत नव्हता, लोक म्हणायचे 'स्विच ऑफ येतोय'. त्यांनी सिम बदललं, कंपनीकडे तक्रारी केल्या, नवा हँडसेट घ्यायच्या बेतात होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मी तो मेनू उघडला तर 'एनआर ओन्ली'. 'हे कुणी केलं?' 'अरे, ते तर स्पीड वाढवायला केलं होतं, त्याचा कॉलशी काय संबंध?'

संबंध आहे. ५जी दोन प्रकारांनी उभं केलं जातं. डिसेंबर २०१७मध्ये आधी जे मानक तयार झालं, त्यात फोनची नोंदणी आणि नियंत्रण ४जीकडेच राहतं, ५जीची वाहिनी वरून डेटासाठी जोडली जाते. अशा नेटवर्कवर ४जी बंद केलं तर फोनला दारातूनच परत जावं लागतं. जून २०१८मध्ये स्वतंत्र ५जीचं मानक आलं. तिथे नेट चालतं, पण ५जीवरून कॉलची सोय नसेल तर नेटवर्क कॉलपुरतं फोनला ४जीवर ढकलतं. तुम्ही ४जीचं दारच बंद केलंय, मग कॉल येणार कुठून? शिवाय पहिल्या प्रकारात ४जी आणि ५जी दोन्हींचा डेटा एकत्र वापरता येतो. म्हणजे वेग वाढवायच्या नादात मिळणारा वेगच कापला.

उपाय एका ओळीचा: नेटवर्क 'ऑटो'वर ठेवा आणि विसरून जा. कुठल्या क्षणी कोणती वाहिनी बरी, हे फोन आणि टॉवर सेकंदाला कितीतरी वेळा एकमेकांशी बोलून ठरवतात. व्हिडिओवाल्या भाऊंना त्यांच्यापेक्षा जास्त कळतं असं मला तरी वाटत नाही.

रेंज फुल म्हणजे नेट फुल, हा समज

वरच्या कांड्या टॉवरचा आवाज किती मोठा येतोय एवढंच सांगतात. त्याच टॉवरवर आणखी किती जण लटकलेत, शेजारच्या टॉवरचा गोंगाट किती, हे त्यात दिसत नाही. सगळ्या कांड्या आणि गर्दीत पान उघडेना, हे अगदी शक्य आहे.

दुसरी गोष्ट लोक लक्षातच घेत नाहीत. टॉवर दहा ते शेकडो वॅटच्या ताकदीने बोलतो. तुमचा फोन उत्तर देतो साधारण ०.२ वॅटने. म्हणून व्हिडिओ छान चालतो, पण फोटो पाठवताना गोल गोल फिरत राहतं. नव्या तंत्रज्ञानाची मोठी कमाई डाउनलोडच्या बाजूला जास्त आहे: ४जीची एक वाहिनी जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद, ५जीच्या मधल्या पट्ट्यात तीच १०० मेगाहर्ट्झपर्यंत. टॉवरवर ६४ अँटेनांची पाटी असेल तर ती लहरींचा झोत नेमका तुमच्या दिशेने वळवते. पण ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतीत दमतात, ७०० मेगाहर्ट्झच्या त्यामानाने आरामात आत येतात. त्यामुळे घराच्या आतल्या खोलीत ५जी जाऊन ४जी आलं तर तो बिघाड समजू नका.

माझी सवय: मोठी फाइल पाठवायची असेल तर खिडकीशी जातो, फोन तिथे ठेवतो, थोडं थांबतो. सिग्नल दाखवणारं अॅप असेल तर फक्त एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्पष्ट, तो आकडा) बघतो. २०च्या वर असेल तर मजा, शून्याखाली गेलं तर जागा बदलायची, फोनला शिव्या द्यायच्या नाहीत.

दर दहा मिनिटांनी स्पीड टेस्ट

३०० एमबीपीएस वेगाने दहा सेकंद टेस्ट चालली की फक्त डाउनलोडमध्येच ३७५ एमबी डेटा उडाला. मग रोजचा कोटा दुपारीच संपतो, कंपनी वेग आखडते आणि पुन्हा 'नेट का स्लो?' म्हणून आणखी एक टेस्ट. शिवाय टेस्ट जवळच्या सर्व्हरशी एकाच वेळी अनेक जोडण्या करून मोजते. तुमची रखडलेली वेबसाइट दुसरीकडेच आहे. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएससुद्धा पुरतात. व्हिडिओ कॉल तुटतो तो बहुधा वेग कमी म्हणून नव्हे, तर पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) वरखाली होतो म्हणून. टेस्ट करायचीच तर पार्श्वभूमीला काही डाउनलोड चालू असताना पिंग बघा.

आणि हो, वेग मेगाबिटमध्ये मोजतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये, म्हणून एमबीपीएसला आठने भागा, मगच फाइल किती वेळात उतरेल ते मोजा. '१०० मिळतात, मग १०० एमबीची फाइल एका सेकंदात का नाही?' याचं उत्तर देऊन मी थकलोय.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

जाहिरातीतला २० जीबीपीएस: तो आयटीयूने (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने) आदर्श परिस्थितीसाठी घातलेला कमाल आकडा. दाट वस्तीत सामान्य वापरकर्त्यासाठी त्यांचं उद्दिष्ट १०० एमबीपीएसचं आहे.

स्वस्तातला सिग्नल बूस्टर: बऱ्याच देशांत विनापरवाना बेकायदा, आणि टॉवरकडे गोंगाट पाठवून शेजाऱ्यांचंही नेट बिघडवतो.

व्होएलटीई (४जीवरून कॉलची सोय) बंद ठेवणं: कॉल आला की फोन जुन्या नेटवर्कवर उतरतो, नेट तिथेच बसतं.

दोन सिम: डेटा कोणत्या सिमवर आहे ते बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

व्हीपीएन आणि डेटा सेव्हर: दोन्ही बंद करून बघा, मग मला फोन करा.

फ्लाइट मोड: चालू करा, दहा सेकंद थांबा, बंद करा. फोन नव्याने नोंदणी करतो आणि अडकलेली जोडणी बहुतेकदा सुटते. लगेच चालू-बंद केलंत तर कधी कधी उपयोग होत नाही, म्हणून दहा सेकंद म्हणजे खरोखर दहा सेकंद.