फील्डवरून (लष्करातल्या, घरापासून दूरच्या तैनातीवरून) सुट्टीवर आल्यावर: लेकरांशी पुन्हा सूत जुळवताना

झेलम एक्सप्रेस पुणे स्टेशनात लागते, बाबा हात पसरतात आणि दीड वर्षाचं पोर आईच्या मानेत तोंड खुपसून भोकाड पसरतं. मनाला लावून घेऊ नका. साधारण आठव्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत मुलं अनोळखी माणसाला बिचकतात, आणि व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या बाबाला अंगाचा वास नसतो. उचलायला जाऊ नका. जमिनीवर बसून डब्याची झाकणं वाजवत राहा. ते स्वतःहून एखादं झाकण आणून देईल. घ्या, परत द्या. दिवसातून दोन-तीनदा, दहा-दहा मिनिटं. मांडीवर यायला दोन दिवस लागोत नाहीतर दहा.

शाळकरी मुलांपाशी बिघडतं ते शिस्तीपायी. आल्याआल्या "हे दप्तर इथे का?" सुरू होतं. घराची घडी आईने बसवलेली असते. पहिले १०-१२ दिवस त्या घडीला हात लावायचा नाही. मूल परवानगी मागायला आईकडेच गेलं, तर जाऊ द्या.

रोजचं एकच काम मात्र स्वतःकडे घ्या. शाळेचा डबा उत्तम. पोळीची गुंडाळी हवी की चतकोर, हे रात्रीच विचारून ठेवा. पहिल्या दिवशी भाजीचं तेल वहीला लागेल, बोलणी खाल. दुसऱ्या दिवशी भाजी घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत द्या. सुट्टीभर खाडा नको. कात्रजचं प्राणिसंग्रहालय, सिंहगड वगैरे नंतर. (प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद.)

मोठ्या मुलांना समोर बसवून "काय चाललंय?" विचारलं की "काही नाही" एवढंच मिळतं. सायकलची चेन साफ करायला सोबत घ्या, हात काळे झाले की बोलतात.

तुम्हालाच झोप लागत नसेल, आवाजाने दचकायला होत असेल, उगाच हात उगारला जात असेल, तर पुण्यात वानवडीच्या कमांड हॉस्पिटलात (लष्कराच्या इस्पितळात) मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. लपवू नका.

वार्षिक रजा ६० दिवसांची, तीही बहुधा तुकड्यातुकड्यांत. म्हणजे निरोप पुन्हा आहेच. मूल झोपेत असताना निघून जाऊ नका, नंतर ते झोपायलाच घाबरतं. लहानाला दोन-तीन दिवस आधी सांगा, मोठ्याला तारीख कळताच. "रोज फोन करीन" म्हणू नका, "रेंज मिळाली की करीन" म्हणा. आणि तिकडून अभ्यासाची चौकशी नंतर. आधी विचारा, आज डब्यात काय नेलंस?